इंदूची सासू

“थांबलीस का? वाच की पुढं,” आत्याबाई म्हणाल्या.

थांबू नको तर काय करू? पुढच्या ओळीत एक शब्द आडवा पडला होता. तीन अक्षरं एकमेकांच्या उरावर बसलेली, वर एक टोपी, खाली एक शेपूट. त्याच्या अलीकडचं मी घडाघडा वाचलं होतं, ‘इंदू घरात आली.’ तेवढंच. आणि समोर आमच्या सोप्यात गल्लीतल्या नऊ बायका, नऊ पोळपाट, नऊ लाटणी, मधे उडदाच्या लाट्यांची परात. अठरा कान माझ्याकडं.

“घरात आली, मग?” कोंडाबाई म्हणाली. ही आमची शेजारीण. पापडाचं पीठ कुटायला गल्लीत तिच्यासारखा हात नव्हता आणि मधे बोलायला तिच्यासारखं तोंड नव्हतं. “का उंबऱ्यातच उभी राहिली बिचारी?”

“आली,” मी म्हणाले, “आणि... आणि बघते तर चूल विझलेली.”

पुस्तकात चूल होती का नव्हती, देवाला ठाऊक. पण बायकांनी ‘अगं बाई!’ केलं आणि लाटणी पुन्हा फिरायला लागली. माझ्या जिवात जीव आला. एक ओळ पुस्तकातली, एक माझी. पुढं पुस्तकातली एकही आली नाही.

हे असं का झालं ते सांगते. माझे वडील देवमाणूस. पण देवमाणूससुद्धा मुलीचं लग्न जमवताना जीभ सैल सोडून बोलतो. बार्शीचं स्थळ आलं, सासू मोठी कडक म्हणून ऐकलेलं, तर वडिलांनी सांगून टाकलं, “आमची हौसा सातवी पास आहे.” मी होते दुसरी. तीही निम्मी, कारण मधेच धाकटा भाऊ झाला आणि मला पाळण्याच्या दोरीला बांधलं. साधी अक्षरं ओळखीची होती. जोडाक्षरं तिसरीत असतात म्हणे. आमची गाठ पडली नाही.

आत्याबाईंनी ते ‘सातवी पास’ गल्लीभर वाटलं, बारशाच्या घुगऱ्या वाटाव्यात तसं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, नाव भागीरथी. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, अशी त्यांची स्वतःचीच समजूत. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापडाचा फेरा असे. आज हिचे पापड, उद्या तिचे, प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायचं. बसायचं आमच्या सोप्यात, आणि वाळवण पण आमच्याच माळवदावर, कारण ऊन तिथं चांगलं आणि हुकूम आत्याबाईंचा. आधी गंगाकाकू पोथी म्हणायच्या. त्या वर्षी त्यांचे पुढचे दात पडले आणि पोथीतली सगळी माणसं शिट्ट्या वाजवायला लागली. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “कशाला काळजी? माझी सून बसेल वाचायला. सातवी पास आहे.”

पुस्तक आणलं यांनी. आमचे मालक बाजारात धान्य तोलायचे. वाचनालयात गेले, चार पुस्तकं हातावर तोलून बघितली आणि जड ते घेऊन आले. कादंबरी निघाली. वरचा पुठ्ठा गेलेला, म्हणून तिला नावही नव्हतं. आम्ही तिला ‘इंदू’च म्हणायचो.

तर इंदू घरात आली आणि तीन दिवस नुसती रडली. मला दुसरं काय येत होतं? मी सतरा वर्षांची, नवी नवरी, मला जे येत होतं तेच इंदूला येणार. तिची सासू भाकऱ्या मोजून ठेवायची. तेलाच्या बुधलीच्या तोंडाला फडकं बांधून गाठ मारायची. इंदू जेवायला बसली की मुद्दाम हाक मारायची. हे सगळं कुठून येत होतं ते मी सांगत नाही. तुम्ही शहाणे आहात.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं. “ही सासू कुठली म्हणायची?”

“पुस्तकात गावाचं नाव नाही,” मी म्हणाले.

“परांड्याकडची असणार,” कोंडाबाई म्हणाली.

“आमच्या परांड्याला काय झालं गं?” ताराक्का उसळल्या. या तिसऱ्या घरातल्या. माहेर परांड्याचं, आणि माहेरचा शब्द निघाला की लाटी हातातच राहायची. “आमच्याकडं सुनांना फुलासारखं ठेवतात.”

“व्हय, देवाला वाहून टाकतात.”

बायका हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या नऊ जणींत आठ सासवा होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. “हे पुस्तक काही खरं नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “उद्या त्याला सांगते, परत कर आणि एखादी पोथी आण.”

माझं पाणी पाणी झालं. पोथी म्हणजे सगळ्यांना तोंडपाठ. तिथं मी चूल विझवून चालणार नव्हतं.

“पुढच्या पानावर सासू बदलते, आत्याबाई,” मी म्हणाले. “मी थोडं पुढचं बघितलंय.”

“बदलते?”

“उद्या.”

त्या संध्याकाळभर मी भांडी घासता घासता सासू घासत होते. वाईट बाई एकदम चांगली करून चालत नाही, हे तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कोंडाबाई समोर बसली असताना असलं काही खपणार नाही एवढी अक्कल होती. मग मी आत्याबाईंना बघायला लागले. लग्न होऊन पाच महिने झाले होते, पण मी त्यांच्या पायांपेक्षा वर बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. बसताना त्या गुडघ्याला हात लावायच्या आणि कुणी बघितलं की तोच हात पदराला न्यायच्या. भाकऱ्या मोजायच्या, पण स्वतःची सगळ्यांत शेवटी मोजायच्या.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं. “इंदूची सासू भाकऱ्या मोजायची,” मी म्हणाले, “कारण नवी नवरी होती तेव्हा तिला कुणी मोजून ठेवली नव्हती. सगळे जेवून उठायचे आणि टोपल्यात काही नसायचं. तेव्हा तिनं ठरवलं होतं, माझ्या घरात मोजून ठेवीन. कमी पडणार नाही.”

सोप्यात लाटण्यांचा आवाज बारीक झाला.

“मग हे तिनं सुनेला सांगितलं का नाही?” आत्याबाईंनी मान वर न करता विचारलं.

“नाही. मानी होती.”

“असणारच,” आत्याबाई म्हणाल्या आणि पापड असा काही लाटला की खालच्या पोळपाटाचे डाग दिसावेत.

“सासूचं भागलं,” कोंडाबाई म्हणाली, “पण त्या पोरीचं रडणं कधी थांबायचं? इथं पापड ओले व्हायला लागले. तोंड नाही का तिला?”

तेव्हा इंदूला मी तोंड दिलं. आधी लहानसं. एका दुपारी ती सासूला म्हणाली, “आत्याबाई, मी सकाळपासून जेवले नाही.” बस, एवढंच. त्या दिवशी बायका गेल्यावर आत्याबाईंनी माझ्या ताटात भाकरी टाकली, वर तेल-चटणी टाकली आणि म्हणाल्या, “खा. उगीच पुस्तकातल्यासारखं कुणी म्हणायला नको.”

मी भाकरीकडं बघत राहिले. हे काय विचित्र हत्यार हाताला लागलं, असं वाटलं.

हत्यार लागलं की माणूस वापरून बघतं. इंदू यात्रेला माहेरी गेली. चार दिवसांनी मी गेले, दोन दिवसांसाठी. इंदूनं दुपारी अर्धी घटका पाठ टेकली. मलाही मिळायला लागली. मग माझा हावरेपणा वाढला आणि इंदूला सासूनं सोन्याच्या बुगड्या दिल्या. ते आत्याबाईंनी नीट ऐकून घेतलं, “हं,” म्हणाल्या, आणि पुढच्या लाटीला हात घातला. बुगड्या पुस्तकातच राहिल्या.

इंदू आता बरीच शहाणी झाली होती. भांडायचं कुठं आणि गप्प बसायचं कुठं ते तिला कळायला लागलं होतं. मला मात्र अजून कळलं नव्हतं. नाहीतर मी तो घोळ घातला नसता.

आत्याबाईंचा पापड तळला की ताटाएवढा व्हायचा. फुटायचा नाही, तांबडा व्हायचा नाही. गल्लीत वीस वर्षं बायका डोकं फोडत होत्या की भागीरथी पिठात घालते काय. ते मला त्यांनी माझ्या पहिल्या संक्रांतीला चुलीपुढं बसवून सांगितलं होतं, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून. “हे घराबाहेर गेलं तर समजेन, सून घरात आलीच नव्हती.” म्हणून तर त्यांच्या पापडाचं पीठ आदल्या दिवशीच, दार लोटून भिजायचं.

आणि एका दुपारी, सगळ्या अगदी रंगात आलेल्या, इंदू आणि सासू पहिल्यांदा शेजारी शेजारी बसलेल्या, मी म्हणून गेले, “सासूनं तिचा हात धरला आणि म्हणाली, पोरी, आता तू माझी झालीस. ऐक. पापडाचं पीठ साध्या पाण्यात कधी भिजवू नको. केळीचा खुंट ठेचायचा, त्याचं पाणी काढायचं, उकळून निववायचं, आणि त्यात...”

तिथं माझी जीभ थांबली. पण बाण सुटला होता.

“केळीचा खुंट!” ताराक्कांनी लाटणंच सोडलं. “अगं बया! म्हणून हिच्या परसात केळी आणि केळ एकही नाही!”

सगळ्या आत्याबाईंकडं बघायला लागल्या. मी बघितलं नाही. मी पुस्तकात तोंड घातलं. आता उठतील, आता झिंज्या धरतील, आता माहेरची वाट.

“छापलंय?” आत्याबाई म्हणाल्या. आवाज बारीक. “पुस्तकात छापलंय?”

“ह... हो.”

“कुठं?”

मी एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून ते बोट, ती ओळ, ते पान बघितलं. त्यांना एक अक्षर येत नव्हतं. मग त्या ताठ बसल्या आणि गल्लीकडं अशी नजर फिरवली की जणू आत्ताच मखरात बसवलंय. “बघा,” म्हणाल्या, “छापील आहे. तुम्ही मला विचारायच्या, मी सांगत नव्हते. आता पुस्तकवाल्यालाच ठाऊक झालं तर मी काय करू? पण रीत खरी कुणाची, ते कळलं ना?”

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुस्तकाला हळदीकुंकू लावलं. मला रडायला आलं आणि हसायलाही आलं, आणि दोन्ही गिळावं लागलं.

मालन वन्सं आल्या त्या दुसऱ्या दिवशी. माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद, म्हणजे ‘वन्सं’ आणि अहो-जाहो. सोलापूरला मामाकडं राहून शिकायच्या. नववी झाली होती आणि मॅट्रिकला दोन वर्षं होती. मी त्यांच्या ट्रंकेकडं बघितलं, ट्रंकेतल्या पुस्तकांकडं बघितलं आणि मनात म्हटलं, हौसा, संपलं.

“आज मालन वाचेल,” आत्याबाई म्हणाल्या. “सुनेचा घसा बसलाय.”

मालन वन्संनी पुस्तक घेतलं. मी खूण घातलेलं पान उघडलं. डोळे भरभर इकडून तिकडं गेले, मग एक पान मागं, मग दोन पानं पुढं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या लाटीचा चेंदा केला होता.

“आई, माझे डोळे आलेत वाटतं,” त्या म्हणाल्या. “चुरचुरतात. वहिनीच वाचू दे.”

संध्याकाळी माळवदावर पापड उचलताना त्यांनी मला गाठलं. “वहिनी, एकशे दहाव्या पानावर इंदूला ताप आलाय. अंथरुणात पडून आहे. आणि तुम्ही तिला आज तुळजापूरला नेऊन आणलंत.”

मी त्यांचे पाय धरायलाच वाकले. त्यांनी मला वर ओढलं, तर त्याच रडत होत्या. “पाया कसल्या पडता? मीच तुमच्या पडते. माझं एक काम करा.”

काम असं होतं. ताराक्कांनी आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं होतं. परांड्याला किराणा मालाचं दुकान, वय तिशीच्या पुढं, बोलताना दर शब्दाला मान हलवायचा, जणू तराजूचा काटा. गुरुवारी माणसं मालनला बघायला येणार. आत्याबाईंनी होकार दिल्यातच जमा. शाळा बंद.

“आई माझं ऐकत नाही,” मालन वन्सं म्हणाल्या. “पण इंदूच्या सासूचं ऐकते. कोंडामावशीनं सांगितलं मला, तुम्ही माहेरी कशा गेलात ते. इंदूला नणंद आहे का?”

“नाही.”

“उद्या होऊ द्या.”

निघताना त्या म्हणाल्या, “खरं पुस्तक वाचून दाखवू का तुम्हाला?”

“नको बाई,” मी म्हणाले. “माझी इंदू बिघडेल.”

दुसऱ्या दिवशी इंदूला नणंद झाली. एकदम पंधरा वर्षांची. हुशार, पुस्तकात डोकं घालून बसणारी. तिला स्थळ आलं. आणि इंदूच्या सासूनं पाहुण्यांच्या तोंडावर सांगितलं की आधी मुलीचं शिक्षण, मग बाकीचं. मी अगदी जीव लावून वाचत होते. म्हणजे बोलत होते.

ताराक्का पोळपाट आवळून बसल्या. आत्याबाईंचं लाटणं मात्र एकसारखं फिरत होतं. बुगड्यांच्या दिवशी फिरत होतं तसं.

“हं,” त्या म्हणाल्या. “नणंद कालपर्यंत कुठं होती?”

“मा... मामाकडं.”

“आणि नेमकी आज आली.” त्यांनी लाटणं ठेवलं, पदराला हात पुसले. “पुस्तक मालनकडं दे.”

“आई, माझे डोळे...”

“डोळे सकाळपासून लख्ख आहेत. कैरी बरी दिसली तुला शेजारच्या झाडावरची. घे. आत्ताची ओळ तू वाच. सासू पाहुण्यांना काय म्हणाली ती.”

मालन वन्संनी पुस्तक हातात घेतलं. त्यांना माझ्यासारखं बनवता येत नव्हतं, शिकलेल्या माणसाला समोर अक्षरं दिसतात ना, मग डोक्यातलं सुचत नाही. ‘इंदूला ताप’ वाचलं तर मी मेले. खोटं वाचलं तर आत्याबाई दुसऱ्यांदा वाचायला लावणार, तिसऱ्यांदा लावणार, शब्द फिरले की पकडणार, आणि मग ती पोर मेली, गुरुवारी परांड्याला गेली. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला सांभाळायचं म्हणूनच बघितलं नाही, हे मला कळलं.

मी उठले. बायकांच्या मधून, लाट्यांची परात ओलांडून गेले आणि त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं.

“आत्याबाई, त्यात तसं काही नाही.”

“तसं म्हणजे कसं?”

“नणंद नाही. सासू पाहुण्यांना काही म्हणत नाही. मला वाचता येत नाही. ‘इंदू घरात आली’ तेवढं पुस्तकातलं. बाकीचं माझं आहे.”

सगळी लाटणी एकदम थांबली.

“सातवी पास...” ताराक्का म्हणाल्या, गोड आवाजात.

“दुसरी,” मी म्हणाले. “ती पण निम्मी. आणि आता बोलते ते पुस्तकातलं नाही, इंदूचं नाही. मी बोलते. वन्संना शिकू द्या. मी दुसरीतून उठले म्हणून रोज दुपारी इथं बसून खोटं वाचायची पाळी माझ्यावर आली. त्यांच्यावर नको यायला.”

बोलून झालं आणि मला वाटलं, हे सगळं इंदू किती छान बोलली असती. माझं आपलं तुटक तुटक झालं.

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे केळीचा खुंट...”

“मी फोडला.”

“छापला नव्हता?”

“नव्हता.”

त्यांच्या तोंडावरून काहीतरी सरकन गेलं. वीस वर्षांचं गुपित गेलं म्हणून असेल, किंवा हळदीकुंकू आठवलं असेल. पण पुढं त्यांनी जे विचारलं ते मला वाटलं नव्हतं.

“आणि ती? इंदूची सासू? ती पण नव्हती?”

“होती की,” मी म्हणाले. “तुमच्यावरून केली.”

“कुठली? पहिल्या तीन दिवसांतली, का नंतरची?”

महिन्यापूर्वीची मी असते तर ‘नंतरची’ म्हणून पायांवर डोकं ठेवलं असतं.

“दोन्ही, आत्याबाई.”

कुणीतरी ‘अगं आई’ म्हणालं. आत्याबाई उठल्या, या वेळी गुडघ्याला हात लावला आणि तो लपवलाही नाही, आणि सैपाकघरात निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. भांडी घासायची नव्हती, घासून झाली होती.

मी तिथंच उभी. तेवढ्यात कोंडाबाईनं लाटणं पोळपाटावर ठोकलं.

“तुमचं सासूसुनांचं तुम्ही मागनं बघा,” ती म्हणाली. “इंदूचं पुढं काय झालं ते सांग आधी. लाट्या वाळायला लागल्या.”

“अहो, पण पुस्तकात...”

“पुस्तकाला घाल चुलीत. तुझ्याकडं आहे ना इंदू? मग सांग.”

मी खाली बसले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि सांगायला लागले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आत भांडी वाजायची थांबली आहेत.

दोन दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भाकऱ्या मात्र मोजून ठेवल्या, माझ्याही. बुधवारी सकाळी ताराक्का उंबऱ्यात आल्या. डोळ्यांत नुसती दिवाळी.

“भागीरथी, उद्याचं पक्कं ना? भाचा निघालाय. तुझ्या सुनेचं काही मी त्यांना सांगत नाही हो. घराण्याची अब्रू असते.”

आत्याबाई जोंधळे निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. “भाच्याला म्हणावं, येऊ नको. माझ्या पोरीला दोन वर्षं सवड नाही.”

“सवड नाही? काय काम काढलंस?”

“माझी सून सातवी पास आहे म्हणून मी गल्लीभर सांगितलंय. भागीरथीचा शब्द आजवर खाली पडलेला नाही. मालन सोलापूर सोडून इथल्या शाळेत जाईल, दुपारी घरी येऊन वहिनीला शिकवील. आणि दुसरीतल्या म्हशीला सातवीपर्यंत ओढायची तर ओढणारी मॅट्रिक तरी नको का?”

“पण तिनं तर सगळ्यांसमोर सांगितलं, मला वाचता येत नाही म्हणून!”

“कधी?”

“परवा! पापड लाटताना!”

“ते होय,” आत्याबाई म्हणाल्या. “ते इंदूचं चाललं होतं. पुस्तकातलंच ते. छापील आहे.” आणि सूप उचलून जोंधळे असे पाखडले की कोंडा थेट ताराक्कांच्या पायावर.

ताराक्का गेल्या. मी दाराआड उभी होते. आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “पाणी आण. आणि म्हशीला राग आला असला तर गिळ.”

मालन वन्सं मॅट्रिक झाल्या, पुढं मास्तरीण झाल्या, नवरा स्वतः बघितला. त्यांनी मला चौथीपर्यंत आणलं आणि हात टेकले. आत्याबाई शेवटपर्यंत सातवीच सांगत राहिल्या. आता माझ्या नातसुना मला कॉलेजातल्या गमती सांगून हसतात. त्यांना मी म्हणते, बायांनो, तुम्ही परीक्षा देऊन पास झालात. मी नऊ लाटण्यांपुढं झाले.

जोडाक्षरं जमली तेव्हा यांना सांगून मी तेच पुस्तक परत आणवलं. दोन महिने लागले वाचायला, बोट ठेवून ठेवून. एका दुपारी आत्याबाई खाटेवर पडल्या होत्या, तेव्हा त्यांना शेवट वाचून दाखवला. खराखुरा.

“ताप उतरत नाही,” मी म्हणाले. “इंदू रडत रडत एकशे बाराव्या पानावर मरते.”

“आणि सासू?”

मी उरलेली पानं उलटली. “हीसुद्धा भाकऱ्याच मोजते. शेवटपर्यंत.”

“का मोजते ते?”

“ते लिहिलेलं नाही.”

आत्याबाईंनी कूस बदलली.

“देऊन टाक ते परत,” म्हणाल्या. “पुस्तकवाल्याला काही ठाऊक नाही. तू आपली इंदू सांग.”